मालक एकच, भांडणं चार: फेडरल कोर्टात काय काय नेता येतं?

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून आणि थोडं आखडून देतो.

“एडिसनजवळच्या एका केटरिंगच्या किचनमध्ये मी चार वर्षं काम केलं. पोळ्या, भाज्या, पॅकिंग, सगळंच. तासाला 18 डॉलर ठरले होते. आठवड्याचे साधारण 53 तास व्हायचे, पण 40 च्या वरच्या तासांनाही 18 डॉलरच मिळाले. वर्षाअखेरीस 6,000 डॉलर बोनस देईन असं मालकांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, तो दिला नाही. त्यांच्या भावाच्या फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो, त्याचं 2,400 डॉलर डिपॉझिट अडकलं आहे. नोकरी सोडून दोन महिने झाले, तर आता मालक म्हणतात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्याकडून घेतलेले 4,000 डॉलर आधी परत करा. ते मी घेतले होते, नाकारत नाही. मी ग्रीन कार्डावर आहे, मालक अमेरिकन नागरिक आहेत आणि इथेच राहतात. ओळखीचे एक जण म्हणाले, ओव्हरटाइमचा कायदा केंद्राचा आहे, तर सरळ फेडरल कोर्टात जा आणि सगळं एकाच दाव्यात घाल. समोरच्या वकिलाने हरकत घेतली नाही तर चालून जातं. हे खरं आहे का? आणि वर्षभराने कोर्टाने त्यातलं काही काढून टाकलं तर मी कुठे जायचं?”

नमस्कार ताई,

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुम्ही पत्रात दोन ठिकाणी ‘मालकांनी तसं चांगलंच वागवलं’ असं लिहिलं आहे आणि पैसे मागताना संकोच वाटतो असंही लिहिलं आहे. 40 तासांवरच्या प्रत्येक तासाला दीडपट पगार हा केंद्राच्या 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टने दिलेला हक्क आहे. चांगली वागणूक मिळाली म्हणून तो कमी होत नाही. तुमचे आकडे धरले तर तासामागे 9 डॉलर, आठवड्याला 13 तास, म्हणजे 117 डॉलर दर आठवड्याला कमी मिळाले. वर्षाचे 50 आठवडे धरले तरी 5,850 डॉलर होतात. ही रक्कम मागायला संकोच कशाला?

आता कोर्टाचं बघू. तुमच्या ओळखीच्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. उरलेलं अर्धं ऐकलंत तर नुकसान होईल.

अमेरिकेतली फेडरल, म्हणजे केंद्राची, कोर्टं मर्यादित अधिकाराची आहेत. राज्याच्या कोर्टात साधारण कुठलंही भांडण नेता येतं. फेडरल कोर्टात मात्र दारातच विचारतात, तुम्ही इथे कशाच्या आधारे आलात? मुख्य आधार दोन. एक, दावा केंद्राच्या कायद्यातून निघालेला असणं. दुसरा, दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे (किंवा एक परदेशी नागरिक) असणं आणि वादाची रक्कम 75,000 डॉलरपेक्षा जास्त असणं. दुसरा आधार तुम्हाला लागू नाही, कारण ग्रीन कार्डधारक ज्या राज्यात कायमचा राहतो त्याच राज्याच्या नागरिकाविरुद्ध त्याला परदेशी म्हणून फेडरल कोर्टात जाता येत नाही. (एच-फोर किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्या वाचकांनी हे वाक्य आपल्याला लागू करू नये. त्यांचं गणित वेगळं होऊ शकतं.) म्हणजे तुमच्यासाठी उरला पहिला आधार, आणि तुमच्या चार भांडणांपैकी त्यात बसतं फक्त एक, केंद्राच्या कायद्याखालचा ओव्हरटाइम.

बाकीची तीन राज्याच्या कायद्याची आहेत. ती त्या एकाबरोबर आत नेता येतात का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. याला सप्लिमेंटल ज्युरिसडिक्शन म्हणतात आणि त्याची कसोटी 1966 च्या एका खटल्यात घडली. टेनेसीतल्या एका नव्या कोळसा खाणीवर गिब्स नावाचा माणूस सुपरिंटेंडंट म्हणून नेमला गेला. खाण सुरू होऊ नये म्हणून एका युनियनची हत्यारबंद माणसं आडवी आली आणि त्याचं काम गेलं. त्याने युनियनवर केंद्राच्या कामगार कायद्याखालीही दावा लावला आणि टेनेसीच्या कायद्याखालीही. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की दोन्ही दावे घडलेल्या गोष्टींच्या एकाच गाभ्यातून निघाले असतील, आणि शहाणा माणूस ते एकत्रच चालवेल असे असतील, तर फेडरल कोर्टाला दोन्ही ऐकण्याचा अधिकार आहे. पण ऐकलेच पाहिजेत असं बंधन नाही. गिब्स शेवटी हरला, त्याच्या नावाची कसोटी मात्र आजही वापरात आहे.

या कसोटीला पुढे कायद्याचं रूप मिळालं त्यामागे एक दुःखद हकीकत आहे. 1983 मध्ये सॅन डिएगोत एक छोटं विमान उतरताना विजेच्या तारांना अडकून पडलं. त्यात बार्बरा फिनली यांचा नवरा आणि दोन मुलं गेली. वीज कंपनी आणि शहर यांच्यावर दावा राज्याच्या कायद्याखाली होता, आणि विमान वाहतुकीच्या केंद्रीय खात्यावर दावा लावायचा तर तो फक्त फेडरल कोर्टातच लावता येत होता. अपघात एक, पुरावा एक. तरीही 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तशी परवानगी दिलेली नाही, म्हणून वीज कंपनी आणि शहर यांना त्या दाव्यात ओढता येणार नाही. म्हणजे घरातली तीन माणसं गमावलेल्या बाईने तेच सगळं दोन कोर्टांत दोनदा सांगायचं. हा निकाल मला आजही पटत नाही. काँग्रेसलाही पटला नाही, आणि 1 डिसेंबर 1990 रोजी नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यातलं कलम 1367 हेच आजचं उत्तर. केंद्राचा दावा आणि राज्याचा दावा राज्यघटनेच्या अर्थाने एकाच वादाचे भाग असतील तर फेडरल कोर्ट दोन्ही ऐकू शकतं, आणि त्यासाठी नवा पक्षकार जोडावा लागला तरी चालतं.

हे माप तुमच्या भांडणांना लावून बघू.

न्यू जर्सीचा स्वतःचा ओव्हरटाइमचा कायदा आहे. त्याखालचा दावा केंद्राच्या दाव्याचा सख्खा भाऊ समजा. तेच आठवडे, तेच तास, त्याच पगाराच्या चिठ्ठ्या, तेच साक्षीदार. तो बरोबर आत जाणार यात शंका नको. आणि तो न्यायलाच हवा, कारण पैसा तिथे जास्त आहे. केंद्राच्या कायद्यात मुदत दोन वर्षांची आहे, मालकाने जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर तीन. राज्यात 2019 पासून ती सहा वर्षांची आहे. केंद्रात दोन वर्षांचे साधारण 11,700 डॉलर आणि तितकीच भर मिळू शकते. राज्यात पूर्ण चार वर्षांचे 23,400 आणि त्यावर 200 टक्क्यांपर्यंत भर, म्हणजे एकूण 70,200 पर्यंत मागता येतं. इतकं हाती पडेलच असं म्हणत नाही, पण कोणता दावा मोठा आहे ते यातून कळतं.

राज्याचा दावा इतका मोठा असेल तर फेडरल न्यायाधीश तो नाकारतील का? कलम 1367 त्यांना तशी मोकळीक देतं. राज्याच्या कायद्याचा प्रश्न अगदी नवा किंवा गुंतागुंतीचा असेल, राज्याचा दावा केंद्राच्या दाव्याला झाकोळून टाकत असेल, केंद्राचा दावा आधीच फेटाळला गेला असेल, किंवा काही अगदी वेगळंच कारण असेल, तर ते राज्याचा दावा सोडून देऊ शकतात. तुमच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने, म्हणजे थर्ड सर्किटने, 2003 मध्ये पेनसिल्वेनियातल्या चिकन प्रक्रिया कारखान्यांच्या कामगारांच्या खटल्यात हेच केलं. केंद्राच्या दाव्यात काहीशे कामगार आणि राज्याच्या दाव्यात हजारो, म्हणून राज्याचा भाग फेडरल कोर्टाने घ्यायला नको होता असं ठरलं. तुमचं तसं नाही. तुम्ही एकट्या आहात आणि दोन्ही दाव्यांचा पुरावा एकच आहे. फक्त रक्कम मोठी म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवेल असं मला वाटत नाही.

बोनसची गोष्ट निराळी आहे, आणि तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला घात करतो तो इथेच. नोकरी तीच, मालक तोच, मग भांडणही एकच असं आपल्याला सहज वाटतं. थर्ड सर्किटला 1995 मध्ये तसं वाटलं नाही. लायन विरुद्ध व्हिसमन या खटल्यात एका कर्मचारी बाईंनी तुमच्यासारखेच दोन दावे एकत्र लावले होते, केंद्राच्या कायद्याखाली ओव्हरटाइम आणि राज्याच्या कायद्याखाली ठरलेला बोनस न दिल्याचा. कोर्ट म्हणालं, ओव्हरटाइमचा प्रश्न एवढाच की कोणत्या आठवड्यात किती तास काम झालं आणि किती पैसे दिले. बोनसचा प्रश्न काय कबूल केलं आणि ते का मोडलं याचा. दोन्हींना जोडणारा धागा फक्त मालक-नोकर हे नातं, आणि तेवढं पुरत नाही. बोनसचा दावा फेडरल कोर्टाच्या अधिकाराबाहेरचा ठरला. तुमच्या व्हॉट्सॲपच्या निरोपात काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. ‘जादा तासांच्या बदल्यात वर्षाअखेरीस 6,000 देतो’ अशा अर्थाचं काही असेल, तर बोनस आणि ओव्हरटाइम यांचा गाभा एक झाला आणि चित्र पालटलं. म्हणून तो निरोप पुसू नका. त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, आणि वकिलाला भेटाल तेव्हा सगळ्यात आधी तोच दाखवा.

फ्लॅटचं डिपॉझिट सरळ बाजूला काढा. घरमालक वेगळा, करार वेगळा, पुरावा वेगळा. तो मालकांचा भाऊ आहे याला कोर्टाच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

आणि ते 4,000 डॉलर. मालक प्रतिदावा म्हणून ते पुढे आणतील, त्यांनाही हेच माप लागेल. आईच्या आजारपणात दिलेलं हातउसनं आणि तुमचे कामाचे तास यांचा गाभा एक नाही, असं तुमचा वकील म्हणू शकतो. पण त्या पैशांचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात होता का? तसं असेल तर पगाराच्या चिठ्ठ्यांत ते कर्जही शिरलं, आणि मग ते ओव्हरटाइमच्या हिशेबापासून तोडणं अवघड जाईल. हे पत्रात नाही, वकिलाला आवर्जून सांगा. घेतलेले पैसे तुम्ही नाकारत नाही, हे मला आवडलं. तसंच राहू द्या. कोर्टात तुमच्या शब्दाला वजन येईल.

“समोरच्याने हरकत घेतली नाही तर चालून जातं,” हे मात्र साफ चूक आहे. फेडरल कोर्टाचा अधिकार पक्षकारांच्या संमतीने तयार होत नाही. हरकत कोणत्याही टप्प्यावर निघू शकते, न्यायाधीश स्वतःही काढू शकतात. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण 1978 चं आहे. क्रेन विजेच्या तारेजवळ गेल्याने एक कामगार दगावला. त्याच्या पत्नीने, आयोवात राहणाऱ्या श्रीमती क्रोगर यांनी, नेब्रास्काच्या फेडरल कोर्टात तिथल्या वीज मंडळावर दावा लावला. मंडळाने क्रेनच्या कंपनीला खटल्यात ओढलं, मग क्रोगर बाईंनीही तिच्यावर दावा लावला. पुढे मंडळ सुटलं आणि ही कंपनी एकटीच उरली. ती नेब्रास्काची आहे असं सगळे धरून चालले होते. खटल्याच्या तिसऱ्या दिवशी निघालं की कंपनीचं मुख्य ठिकाण कार्टर लेकला आहे. ते गाव मिसुरी नदीच्या नेब्रास्काकडच्या काठावर आहे, पण नदीने फार पूर्वी पात्र बदलल्यामुळे ते आयोवातच राहिलं. म्हणजे दोन्ही बाजू आयोवाच्या. ज्युरीने बाईंच्या बाजूने दिलेला निकाल सुप्रीम कोर्टात टिकला नाही. साक्षी झाल्या, ज्युरी बसली, निकाल लागला आणि सगळं वाहून गेलं. तुमचा बोनसचा दावा ‘चालून जाईल’ म्हणून आत ढकलला तर त्याचं असंच होऊ शकतं, आणि तेही जिंकल्यानंतर.

आता वर्षभराने काही भाग काढून टाकला तर काय, या काळजीबद्दल. कलम 1367 मध्येच सोय आहे. राज्याचा दावा फेडरल कोर्टात चालू असेपर्यंत त्याची मुदत थांबते, आणि तो काढून टाकल्यावर आणखी 30 दिवस थांबलेली राहते. थांबते म्हणजे नेमकं काय, यावर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात वाद झाला. वॉशिंग्टन शहराच्या आरोग्य खात्यातल्या एका बाईंचा राज्य-पातळीचा दावा फेडरल कोर्टाने सोडून दिला, आणि त्यांनी स्थानिक कोर्टात तो 59 दिवसांनी लावला. शहराचं म्हणणं, 30 दिवस होऊन गेले, दार बंद. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या बहुमताने ठरवलं की घड्याळ खरोखरच थांबतं. फेडरल कोर्टात जाताना जेवढी मुदत शिल्लक होती तेवढी परत मिळते, वर 30 दिवस. हा निकाल तुमच्या बाजूचा आहे. तरीही ज्या दाव्याचा गाभा मुळातच वेगळा आहे, जसं डिपॉझिट, तो या सोयीच्या भरवशावर फेडरल कोर्टात ठेवू नका.

न्यू जर्सीचा एक नियम तुमच्या ओळखीच्यांना बहुधा ठाऊक नसावा. एका वादातून निघणारे सगळे दावे एकाच खटल्यात आणायचे, मागे ठेवलेले पुढे कदाचित कायमचे गमवावे लागतात, असं इथलं धोरण आहे. म्हणजे ‘आधी फेडरल कोर्टात केंद्राचा ओव्हरटाइम मिळवते, मग राज्याच्या कोर्टात राज्याचा बघते’ असा विचार मनात असेल तर सोडून द्या. राज्याच्या ओव्हरटाइमचा दावा पहिल्याच अर्जात असला पाहिजे. न्यायाधीशांनी तो सोडून दिला तर वरची मुदतीची सोय आहे. तुम्हीच मागे ठेवलात तर काहीच नाही.

एवढं सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग फेडरल कोर्टात जायचंच कशाला? माझाही प्रश्न तोच आहे. केंद्राचा ओव्हरटाइम कायदा राज्याच्या कोर्टातही मागता येतो, कायद्यातच तसं लिहिलं आहे. पण तुम्ही तो तिथे मागितलात की मालकांना 30 दिवसांत खटला फेडरल कोर्टात हलवता येतो, हे सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये स्पष्ट केलं आहे. खटला हलला की वरचे सगळे प्रश्न तुमच्या पुढ्यात परत येतात. फक्त राज्याच्या कायद्याखाली दावा लावलात तर तुमच्यासारख्या प्रकरणात हलवण्याचा आधारच उरत नाही. अर्जात केंद्राचा कायदा लिहिला गेला आणि खटला हलला, तरी वाट बंद होत नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वादीने नंतर अर्ज दुरुस्त करून केंद्राचे दावे वगळले, तर फेडरल कोर्टाचा उरलेल्या दाव्यांवरचा अधिकारही जातो आणि खटला राज्याच्या कोर्टात परततो. तो खटला कुत्र्यांच्या खाद्याचा होता, पण नियम तुम्हालाही लागू आहे.

तुमच्या पत्रात जे आहे तेवढ्यावरून माझं मत असं. ओव्हरटाइम आणि बोनस हे दोन्ही दावे फक्त राज्याच्या कायद्याखाली मिडलसेक्स काउंटीतल्या राज्याच्या सुपीरियर कोर्टात लावा. मुदत सहा वर्षांची, भर जास्त, बोनसही तिथे अडत नाही, आणि मालकांनी 4,000 चा प्रतिदावा आणला तरी त्याच खोलीत एकदाच हिशेब होऊन जाईल. फेडरल कोर्टाला माझा विरोध नाही. तिथले न्यायाधीश ओव्हरटाइमचे खटले नेहमी हाताळतात, आणि तुमच्या वकिलाला तीच वाट बरी वाटली तर कारण विचारा, पटलं तर जा. पण त्या वाटेने गेलात तर बोनस बरोबर येईल असं गृहीत धरू नका. ओव्हरटाइमच्या दाव्यात जिंकलात तर वकिलाची रास्त फी मालकांकडून मागता येते, दोन्ही कायद्यांत. म्हणून वकील परवडणार नाही असं आधीच ठरवून गप्प बसू नका. कामगारांचे दावे घेणारे बरेच वकील पहिली भेट मोफत देतात.

एक गोष्ट घाईची आहे. केंद्राचा दावा ठेवायचा असेल तर त्याची मुदत दर पगाराच्या तारखेला मागून एकेक आठवडा खात जाते. तुम्ही काम सोडून दोन महिने झाले, म्हणजे तितक्या आठवड्यांचा ओव्हरटाइम केंद्राच्या दाव्यातून आधीच गेला आहे. जुन्या चिठ्ठ्या, बँकेची स्टेटमेंट, शिफ्टचे फोटो, ‘उद्या लवकर ये’ असे मालकांचे निरोप, सगळं एका फाइलमध्ये लावा. तास लिहून ठेवले नसतील तर आठवतील तसे आता लिहून काढा. तासांची नोंद ठेवणं ही मालकांची कायदेशीर जबाबदारी होती. त्यांनी ती ठेवली नसेल तर तुमचा रास्त अंदाज कोर्ट विचारात घेतं.

मालक मिटवायला तयार झाले, तर तेही वाईट नाही. मात्र फेडरल कोर्टातला खटला तडजोडीने संपवत असाल तर तडजोडीवर देखरेखीचा अधिकार कोर्टाने आपल्याकडे ठेवला आहे, असं आदेशात लिहून घ्या. तसं लिहिलं नसेल आणि मालकांनी हप्ते थांबवले, तर तेच फेडरल कोर्ट मदत करू शकेलच असं नाही, हे 1994 पासून ठरलेलं आहे. मग तडजोड मोडली म्हणून राज्याच्या कोर्टात नवा दावा लावत बसावं लागतं.

राहिलं डिपॉझिट. त्याला या सगळ्याची वाट बघायला लावू नका. घरमालक त्याच इमारतीत राहत नसतील, तर फ्लॅट सोडल्यापासून 30 दिवसांत डिपॉझिट किंवा वजावटीचा हिशेब द्यायला ते बांधील होते, आणि विनाकारण अडवलं असेल तर दुप्पट मागता येतं. दुप्पट म्हणजे 4,800 डॉलर. स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा 5,000 आहे, त्यात हे बसतं आणि वकीलही लागत नाही. त्याच इमारतीत राहत असतील तर नियम थोडा वेगळा आहे, तेवढं मला उलट टपाली कळवा, त्याप्रमाणे घरमालकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा करून देतो.